शंकरसिंगची जीभ

शंकरसिंगची जीभ मेली होती, आणि ही गोष्ट सगळ्या हिंगोलीत एकट्या शंकरसिंगला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी मुदतीचा ताप आला, एकवीस दिवस अंगात ठाण मांडून राहिला आणि जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. म्हातारा वाचला म्हणून घरात आनंदीआनंद. त्याच आठवड्यात सून मिराबाई वरणात मीठ घालायचं विसरली आणि ह्यानं वाटी पुसून रिकामी करत "झकास झालंय, बाई" म्हटलं. मागाहून तिनं स्वतः घास घेतला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. केवढं मोठं मन सासऱ्याचं! कुठलं मन अन् कुठलं काय. त्याला ते वरण आहे की कोमट पाणी, हेच कळलं नव्हतं.

बरं, दुसऱ्या कुणाची जीभ गेली असती तर गेली असती. चार दिवस कुरकुरला असता, सोडून दिलं असतं. पण हा छावणीतला शंकरसिंग. हिंगोलीत गोऱ्यांची छावणी होती तेव्हा चौदाव्या वर्षी तो मेसमध्ये पेले धुवायला लागला. छावणी उठली तसा साहेबांबरोबर सिकंदराबादला गेला आणि तीस वर्षं तिथल्या मेसमधल्या वाईनच्या कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला होती. डोळे बांधून पेला हातात दिला तरी कुठल्या साली, कुठल्या मुलखात ही द्राक्षं पिकली ते सांगायचा म्हणे. हिंगोलीच्या लोकांना वाईन म्हणजे काय ते बापजन्मात ठाऊक नव्हतं, पण शंकरसिंगच्या जिभेचा अभिमान मात्र सगळ्या गावाला. गाव असंच असतं. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीची फुशारकी मारायला त्याला जास्त आवडतं.

त्याच्या पोटच्या पोराला, रतनसिंगला, तेवढा त्या जिभेचा राग होता. "साहेबांचे उष्टे पेले चाटून आलेत," असं तो बापाच्या तोंडावर म्हणायचा. सत्तेचाळीस साल चाललं होतं. तिकडे इंग्रज गेला, इकडे निजामी होती तशीच, आणि तरणी पोरं कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडं पाडत सुटली होती. शिंदीच्या दारूवर सरकारचं उत्पन्न, म्हणून शिंदी तोडायची, ही तेव्हाची लढाई. रतनसिंग पुसेगावच्या शिवारात अकरा झाडं आडवी करून बाराव्याला हात घालताना धरला गेला. तीन महिने झाले, लांबच्या जेलात होता. सुटून आलेल्या एका माणसानं निरोप आणला, "रतनला ताप हाय. उतरून न्हाई राहिला. थुंकीतून रक्त पडतं. बाहेर काढाल तर जगंल."

त्या निरोपानंतर शंकरसिंगचं जेवण तुटलं. चव तर नव्हतीच, आता भूकही गेली. मिराबाई बोलायची नाही, पण नवऱ्याचं एक धोतर आणि एक सदरा रोज घडी मोडून पुन्हा घडी घालायची. बघवत नव्हतं ते.

अशात आखाडा बाळापूरच्या माणिकरावांचं बोलावणं आलं. माणिकराव म्हणजे दीडशे एकरांचे धनी, गावात शब्दाला वजन, आणि माणूस हिशेबी. बोलावणं घेऊन आला त्यांचा गाडीवान हरिचंद, तांड्यावरचा, तोंडभर हसणारा गडी. बैलगाडीत पुरा एक दिवस काढून शंकरसिंग बाळापूरला पोचला तर माणिकरावांनी त्याला चक्क खुर्ची दिली.

"शंकरसिंग, निजाम सरकारचे मोठे साहेब दौऱ्यावर येऊन राहिले," माणिकराव म्हणाले. "येत्या गुरुवारी दुपारचं जेवण आपल्याकडं. साहेब विलायतेत शिकून आलेले. जेवताना त्यांना वाईन लागती म्हणं. कोंबडीसंगं पांढरी अन् मटणासंगं तांबडी. आता मला काय कळतंय त्यातलं? आमच्या सात पिढ्यांत कुणी थेंब शिवला न्हाई."

"खरं हाय, मालक."

"हिंगोलीत पुनमचंदनं लष्करी लिलावातला माल आणलाय. खोकीच्या खोकी. तुमी चाखा, निवडा. स्वस्तातली घ्या, पर साहेबाला स्वस्त वाटू नये अशी घ्या. बराबर?" मग आवाज खाली आणून माणिकराव म्हणाले, "कैद्यांना सोडायची यादी निघून राहिली. ती साहेबांच्या सहीनं जाती. जेवण फक्कड झालं, साहेब खूश झाले, की पान देताना मी रतनचं नाव काढतो. माझा शब्द."

आता सांगा, अशा वेळी कोण म्हणेल की मालक, माझी जीभ मेलीय? शंकरसिंगनं खाली वाकून माणिकरावांच्या पायाला हात लावला. वयानं तो त्यांच्या बापासारखा होता.

पुनमचंदचं दुकान हिंगोलीच्या पेठेत, हळदीच्या अडतीला लागून. त्या दिवशी तिथं ही गर्दी! शंकरसिंग चाखणार म्हटल्यावर हमालांनी पोती खाली टाकली आणि दारात येऊन उभे राहिले. पुनमचंद पक्का जैन, त्या बाटल्यांना स्वतःचा हातही लावत नव्हता. लांबूनच बोटानं दाखवायचा. बाटल्यांच्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्लेल्या, त्यामुळं कोणती कुठली ते देवालाच ठाऊक.

"सगळी एका भावात," पुनमचंद म्हणाला. "निवड तुमची, नशीब तुमचं."

शंकरसिंगनं पांढरं धोतर मागवलं, उन्हात पसरलं आणि बाटल्या एकेक करून त्याच्यासमोर धरल्या. जीभ नव्हती, डोळे होते. तीस वर्षांत डोळेही काही कमी शिकले नव्हते. ज्या बाटलीच्या मानेतून माल खाली उतरलेला तिचं बूच गळकं, ती बाजूला. जी पांढरी काढ्यासारखी काळवंडलेली ती बाजूला. तांबडी पेल्यात तिरपी करून बघितली, कड जांभळी तर अजून कच्ची, कड विटकरी तर मुरलेली, कड तपकिरी तर संपलेली. बुचाचा आतला भाग बोटांनी दाबून बघितला, ओला आणि घट्ट असला तर ठीक. हे सगळं खरं होतं. खोटं होतं ते पुढचं. तो घोट घ्यायचा, गालातून फिरवायचा, डोळे मिटायचा, डब्यात थुंकायचा आणि मान हलवायचा. तोंडात काय होतं? काही नाही. ओलं, एवढंच.

"ही नवी सून हाय, अजून बोलत न्हाई," तो एका तांबडीबद्दल म्हणाला. हमाल हसले. "अन् ही? ही भांडकुदळ. जेवणात बसवली तर मटणाला बोलू देणार न्हाई. ठेवा तिकडं."

लोक टाळ्या द्यायला लागले. आपण रतनच्या जिवाशी खेळतोय, हे त्याला पुरतं कळत होतं. पण एक सांगतो, निवड त्यानं चुकवली नाही. तीन तांबड्या आणि दोन पांढऱ्या त्यानं काढल्या, त्या त्या ढिगातल्या सगळ्यांत चांगल्या होत्या. नुसत्या डोळ्यांनी त्यानं ते केलं होतं. त्याचं कौतुक करायला कुणीच नव्हतं, कारण कुणाला सांगायचं तर आधी जीभ मेल्याचं सांगावं लागलं असतं.

बुधवारी दिवेलागणीला हरिचंदच्या गाडीतून, कडब्यात गुंडाळलेल्या बाटल्या मांडीवर घेऊन शंकरसिंग बाळापूरला पोचला. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तो "हळू रे, हळू" करायचा. हरिचंद म्हणाला, "बाबा, तुमी तर बाळंतिणीला नेल्यावानी करून राहिले."

माणिकरावांच्या बायकोच्या, पार्वतीबाईंच्या, हातात त्यानं बाटल्या दिल्या. पार्वतीबाई फार भल्या. रतनचं ऐकल्यापासून त्यांनी म्हाताऱ्यासाठी दोन सोमवार धरले होते. तो त्यांना म्हणाला, "बाई, रातभर गार जागी ठेवा. बस, एवढंच." आणि गाडीच्या हिसक्यांनी मोडलेली कंबर घेऊन ओसरीवर आडवा झाला.

गुरुवारी सकाळपासून त्याला दम नव्हता. शाळेतून टेबल आणवलं, चादर अंथरली, पेले राखेनं नको, चुन्याच्या निवळीनं धुवा म्हणून सांगितलं, काटे-चमचे कुठल्या हाताला ते वाढप्यांना चारदा दाखवलं. मेसमधला जुना शंकरसिंग अंगात आला होता. किती वर्षांनी! मागच्या परसात कोंबडी शिजत होती, मटण रटरटत होतं. त्याला वास येत नव्हता, पण वाफ दिसत होती. दहाच्या सुमाराला तो बाटल्या मागायला गेला.

पार्वतीबाई हसतच पुढं आल्या. "बाबा, या, बघा तर कशी गार केली मी."

पाण्याच्या मांडणीवर दोन कळशा होत्या. पितळेच्या. घासूनपुसून सोन्यासारख्या झळकत होत्या, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं.

"बाटल्या?" शंकरसिंगनं विचारलं.

"त्या उकिरड्यात पुरल्या मी रातीच. काच ती, बाबा. कुणाकुणाचं तोंड लागलं असंल तिला. माझ्या घरात न्हाई चालत. पितळ कसं, चिंच लावून घासलं की शुद्ध. अन् बाटलीत गार कुठून व्हायची? कळशीत रातीतून बर्फावानी झाली. एकीत तांबडी, एकीत पांढरी. मिसळली न्हाई हां मी!"

शंकरसिंग मांडणीपाशी गेला. त्यानं फडकं सोडलं, कळशी उजेडाकडे तिरकी केली आणि आत बघितलं. कल्हई नव्हती. बुडाशी थोडी पांढरी झाक, बाकी सगळं उघडं पितळ.

"बाई, कल्हई..."

"औंदा कल्हईवाला फिरकलाच न्हाई. रस्ते बंद, दंगे. कोण येतंय?"

"बाई, वाईन आंबट असती. आंबट वस्तू बिनकल्हईच्या पितळेत रातभर..."

पार्वतीबाईंचा चेहरा उतरला. बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंचेचं सार कळकतं, विषारी होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. "आंबट असती?" त्या म्हणाल्या. "दारू आंबट असती? देवाशपथ सांगते बाबा, मला काय ठावं? ताक असतं तर मी ठेवलं असतं का?"

त्यांचा काय दोष? त्या घरात कुणी जिभेला लावली असती तर कळलं असतं ना.

शंकरसिंगनं वाटीत घोटभर तांबडी घेतली आणि तोंडात टाकली. गालातून फिरवली. डोळे मिटले. आता नाटक नव्हतं. तीस वर्षं ज्या जिभेच्या जोरावर भाकरी खाल्ली, तिला तो मनातल्या मनात हात जोडत होता. एकदा बोल. एकदाच सांग, मग कधी बोलू नकोस. ओलं. फक्त ओलं आणि गार. त्यानं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. रांडेची जीभ, मेली ती मेलीच.

तो धावत गोठ्याकडे गेला. घरात कुणी पिणारं नव्हतं, स्वयंपाकी शिवत नव्हता. राहिला हरिचंद. तांड्यावर मोहाची पीत आलेला.

"हरी, हे पी. अन् काय लागतं ते सांग. खरं सांग बाबा."

हरिचंदनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "तुरट हाय. आंबट. जीभ आखडती."

"ते तर लागायचंच. आणखी? तांब्याचा पैसा चोखल्यावानी लागतं का?"

हरिचंदनं पुन्हा घोट घेतला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याला बिचाऱ्याला मदत करायची होती, पण उत्तर कुठलं पाहिजे ते कळत नव्हतं. "लागतं बी थोडं. अन् न्हाई बी. बाबा, मी विलायती कधी पिलो? अशीच असत असंल. तुमी म्हणता तर लागतं, तुमी म्हणता तर न्हाई."

तेवढ्यात वेशीकडून मोटारीचा भोंगा वाजला. माणिकराव फेटा सावरत परसात आले. "शंकरसिंग, साहेब आले. वाईन बराबर हाय ना? चाखली ना तुमी?"

पार्वतीबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. शंकरसिंगनं तोंड उघडलं. बिघडली म्हणावं तर टेबलावर वाईन नाही, साहेब नाराज, रतनचं नाव निघणार नाही. कळत नाही म्हणावं तर पुनमचंदच्या दुकानातला सगळा तमाशा उघडा पडतो, आणि मग ह्या लबाड म्हाताऱ्याच्या पोरासाठी माणिकराव कशाला शब्द टाकतील? आणि कोण जाणे, एका रातीत एवढी बिघडली नसेलही. बिघडली नसेल, बिघडली नसेल, असं त्यानं स्वतःला चारदा सांगितलं.

"चाखली, मालक," तो म्हणाला. "बराबर हाय."

साहेब सभ्य माणूस. पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांच्याबरोबर त्यांचा पेशकार, कागदांची पिशवी बगलेत धरलेला. शंकरसिंगनं अंगावर जुना पांढरा कोट चढवला होता. त्यानं उजव्या बाजूनं येऊन, कळशीतून भरून आणलेली पांढरी ओतली. साहेबांनी वर बघून विचारलं, "मेस में थे?"

"जी हुजूर. तीस साल."

"अच्छा!" साहेब खरोखर खूश झाले. माणिकरावांनी शंकरसिंगकडे बघून डोळे मिचकावले. त्या एका क्षणात म्हाताऱ्याला रतन घराच्या पायरीवर दिसला. खोटं कशाला सांगू, दिसला.

साहेबांनी घोट घेतला. थांबले. यजमानाचा मान म्हणून गिळला. पेला उजेडात धरून बघितला आणि हळूच खाली ठेवला. पेशकाराला कुठलं एवढं भान? फुकटची विलायती म्हणून त्यानं तांबडीचे दोन पेले घशाखाली ढोसले होते. पोळीचा दुसरा तुकडा तोंडात घालता घालता तो उठला, ओसरीच्या खांबाला धरलं आणि भडाभडा ओकला.

मग जे व्हायचं ते झालं. साहेबांबरोबर आलेले शिपाई धावले. "जहर! जहर!" असा गलका झाला. माणिकरावांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब तेवढे बसून राहिले. त्यांनी शंकरसिंगला जवळ बोलावलं आणि स्वतःचा भरलेला पेला त्याच्यापुढं सरकवला. "पियो."

शंकरसिंगनं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"कैसी है?"

चांगली म्हणावं तर पेशकार समोर ओकतोय. वाईट म्हणावं तर मग वाढली का? म्हाताऱ्याला एकदम थकवा आला. "हुजूर, मुझे मालूम नहीं," तो म्हणाला. "दो साल से जबान मर गई है. कुछ नहीं समझता."

शिपाई हसले. हिंगोलीचा शंकरसिंग, आणि म्हणे चव कळत नाही! त्या दिवसातलं एकच खरं वाक्य तो बोलला आणि तेच कुणाला पटलं नाही.

"पितळेत ठेवली, साहेब, कळकली," आतून पार्वतीबाई रडत म्हणाल्या, पण बाईमाणसाचा आवाज माजघराच्या बाहेर कोण ऐकतो? आणि माणिकराव तर गळ्याशी आलेलं झटकायला निघाले होते. हात जोडून ते म्हणाले, "साहेब, माझा काय संबंध न्हाई. ह्यानंच निवडली, ह्यानंच आणली, ह्यानंच वाढली. ह्याचं पोरगं शिंदीतोडीत आत हाय तुमच्या, त्याचा राग काढला असंल. मला काय ठावं?"

शब्द दिला होता ना, साहेबांपुढं रतनचं नाव काढीन म्हणून? काढलं.

साहेबांनी बराच वेळ शंकरसिंगकडे बघितलं. जहर आहे असं त्यांना वाटलं नसावं. पण माणूस खुर्चीवर बसला की त्याला जपून राहावं लागतं. त्यांनी खिशातून वही काढली. "बेटे का नाम?"

"रतनसिंग, हुजूर. रतनसिंग वल्द शंकरसिंग. बीमार है, हुजूर. खून गिरता है."

साहेबांनी लिहून घेतलं आणि पेशकाराला म्हणाले, "रिहाई की फेहरिस्त में ये नाम न आने पाए." सोडायच्या यादीतून रतन गेला. मग न जेवता ते मोटारीत जाऊन बसले. मटण तसंच राहिलं.

परतीच्या वाटेवर शंकरसिंगला दोनदा ओकारी झाली. हरिचंदनं गाडी थांबवली, पाठ चोळली, पाणी दिलं. माणिकरावांना न विचारताच त्यानं बैल जुंपले होते. कळमनुरी मागं पडली. मग हरिचंद म्हणाला, "बाबा, मी खरं सांगाया पाहिजे व्हतं. पैसा चोखल्यावानीच लागत व्हतं. तुमच्या तोंडाकडं बघून मला सांगवलं न्हाई."

"तुझी काय चूक न्हाई रे," शंकरसिंग म्हणाला. "मला बी तेच ऐकायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ऊन वर येता येता गाडी हिंगोलीत, जुन्या छावणीच्या वस्तीत शिरली. मिराबाई दारातच उभी होती. रात्री झोपली नव्हती, हे तिच्या डोळ्यांवरूनच कळत होतं. सासऱ्याला आधार देऊन तिनं खाली उतरवलं, पायांवर पाणी घातलं, आणि इतका वेळ दाबून धरलेलं शेवटी विचारलं, "बापूजी, निघाला का विषय? साहेबांपुढं यांचं नाव निघालं का?"

रस्ताभर त्यानं ठरवलं होतं की सांगून टाकायचं. सगळं, जिभेपासून. एकदा तोंड उघडलंही.

"निघालं, बाई," तो म्हणाला. "माणिकरावांनी स्वतः काढलं. साहेबांनी वहीत लिवून घेतलं. बापाचं नाव लावून, नीट."

"खरं?"

"माझ्यासमोर लिवलं."

मिराबाईनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग ती लगबगीनं आत गेली आणि चुलीपुढं बसून गूळ फोडायला लागली. आज रव्याचा शिरा करते, बापूजी, तुमच्या तोंडाला चव येईल, असं ती आतून म्हणाली. शंकरसिंग भिंतीला टेकून बसून राहिला. थोड्या वेळानं तिनं ताटली आणून पुढं ठेवली आणि कसा झालाय म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं एक घास घेतला, सावकाश चावला आणि गोड झालाय म्हणून सांगितलं.